वरच्या न्हाणीचं पाणी

बसा छोटेलालभाऊ. आधी चहा घ्या, मग पेचकस काढा. लाईन गेली आहे अन् या खोलीले खिडकी नावालेच, म्हणून देवाजवळचा दिवा इकडं आणून ठेवला. फक्त आवाज जरा लहान ठेवा. बाजूच्या खोलीत मामाजी झोपले आहेत, माझे सासरे. तुम्ही ओळखताच त्यायले.

माझ्या केसांकडे पाहू नका. ओले आहेत, माहीत आहे मले. थंडीचे दिवस, दिवस बुडून राहिला अन् ही बाई डोकं धुऊन बसली, असं वाटत असन तुम्हाले. सांगते त्याचंही.

काम एवढंच आहे, की कोपऱ्यातला हा प्लायचा डबा उघडायचा अन् पाइपाभोवतीचा भुसा काढायचा. सगळा. हाव, तुम्हीच भरला होता, दसऱ्याच्या आधी. काम चांगलंच केलं होतं, तुमच्या कामात खोट नाही काढून राहिली मी. तुम्ही म्हणाल, भाभीनं तेव्हा आवाज नको म्हणून डोकं खाल्लं अन् आता आवाज पायजे म्हणून फोन करते, डोकं ठिकाणावर आहे का हिचं. आहे भाऊ, अजून तरी आहे. म्हणून तं आमचे हे घरी नसताना बोलावलं. उमेंद्र गेले आहेत अर्जुनी मोरगावले, धानाचा सौदा पाहाले. त्यायले यायले उशीर आहे.

तेव्हा तुम्हाले एवढंच सांगितलं होतं, की पाइप आवाज करते अन् म्हाताऱ्या माणसाची झोप मोडते. ते खोटं नव्हतं. पण पुरं बी नव्हतं. आज पुरं सांगते, कारण भुसा काढताना तुम्ही विचारालच, अन् मले कोणाले तरी सांगायचं आहे. घरात कोणाले सांगता येत नाही.

हे घर आम्ही बांधलं तेव्हा फुलचूरले इकडं आजूबाजूनं नुसत्या धानाच्या बांध्या होत्या. मिस्त्री म्हणाला, वरच्या बाथरूमचा पाइप या कोपऱ्यातून खाली काढतो. कोणी डोकं नाही लावलं, काढू दिला. मग इथं मामाजीची खाट लागली, डोक्याकडचा भाग नेमका पाइपाकडे. वर लोटाभर पाणी सांडलं, तरी इथं भिंतीच्या आतून माणूस चूळ भरून राहिल्यासारखा आवाज यायचा. मामाजीले सवय झाली होती. कारण वरची न्हाणी एकाच माणसाची होती, माझ्या सासूची. रुख्माबाई. मी आत्याबाई म्हणायची.

आत्याबाईले तुम्ही पाहिलं नाही. बरं झालं, नाही तं तुमचं प्रत्येक काम तिनं उभं राहून पाहिलं असतं. बाई कडक. पाण्याची लई काटकसर. रोजचं आंग धुणं म्हणजे बसून, लोट्या लोट्यानं. खाली पाइपात खुळखुळ, थांबली, खुळखुळ. पण कोणी मेल्याची खबर आली, की तिचं आंग धुणं बदलायचं. अंगावरच्या लुगड्यासकट उभी राहायची अन् भरली बादली एका दमात डोक्यावर उलटी करायची. पाइपात धबाकन आवाज यायचा. सगळं पाणी एकाच वेळी खाली, तळाशी आपटून, भिंत हालायची. तो आवाज आला की आम्ही समजायचो, नात्यात कोणी गेलं.

हा तिचा नेम होता. जुना नेम आहे, तुमच्यातही असन. सुतकाची खबर कानावर पडली की हातातलं तिथंच ठेवायचं, आधी आंग धुवायचं, मग पाण्याचा घोट. ती म्हणायची, "आपन आंग धुतलं म्हंजे गेलेल्याले समजते का यायनं आपल्याले सोडलं. नाही तं तो दारातच उभा रायते बिचारा."

आता आमच्या समाजाचा मोबाईलवर ग्रुप आहे. कोणी गेलं की फोटो येते, फुलांचा हार घातलेला, खाली नाव, गाव, अंत्ययात्रा. अन् त्याच्याखाली शंभर लोकायचे हात जोडलेले. बकारामकाका गेले अर्जुनीचे, तेव्हा आमचे हे तर्री-पोहे खाऊन राहिले होते. वाचलं, एका हातानं हात जोडून टाकले अन् मले म्हणाले, डिंपल, थोडी तर्री दे. सख्खा चुलता, भाऊ. मी बी दिली. मी काय लई शहाणी होती का? आत्याबाई दारात उभी होती. आम्हाले वाटलं आता भडकते. पण ती भडकली नाही. शांतपणे म्हणाली, "तुमी नाही धुनार, मले मालूम आहे. राहू द्या. तुमच्या वाट्याचं मीच धुवीन."

अन् गेली वर. मग पाइपात एक बादली आली धबाकन. थोड्या वेळानं दुसरी. मग तिसरी, मग चौथी, मग पाचवी. एक तिची, बाकी आमच्या. माझी लेक टीना तेव्हा लहान होती, ती टाळ्या पिटून राहिली होती. मले मात्र तर्री गोड लागली नाही.

वैशाखात आत्याबाई गेली. झोपेतच गेली, कोणाले तरास दिला नाही. वरच्या बाथरूमले मी कुलूप लावलं. आत जुने डबे, सतरंज्या, कूलरची जाळी कोंबली. किल्ली माझ्या गुच्छात, अन् गुच्छा माझ्या कमरेले.

पहिल्यांदा आवाज आला तो आषाढातल्या एका दुपारी. जेवणं झाली होती, मामाजी लोळले होते, मी इथंच खाली बसून सांभार, तुमचा हरा धनिया, निवडून राहिली होती. घरात आम्ही दोघंच. अन् धबाकन. भिंत हालली. माझ्या हातातली जुडी सुटली. मी वर पाहिलं, मामाजीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, टाकीचं पाणी असन. मी वर जाऊन पाहिलं, कुलूप जसंच्या तसं. उघडलं, तं फरशी कोरडी, डब्यायवर धूळ. खाली आली, चहा ठेवला, तो उकळायच्या आत बोदलकशाहून फोन आला, की पुष्पाबाई गेल्या. मामाजीची मावसबहीण.

मी म्हटलं, योगायोग. तुम्ही बी तेच म्हणाल. पण मग पोळ्याच्या सुमारास पुन्हा तसंच झालं. आधी पाइपात बादली, मग फोन. त्यानंतर अजून एकदा. आवाज आला की मामाजी खाटेवर उठून बसायचे अन् मले हाक मारायचे, "डिंपल, कोनासाठी व?"

मी म्हणायची, कोणासाठी नाही मामाजी, टाकी भरली असन. पण फोन येईपर्यंत त्यायच्या घशाखाली घास उतरायचा नाही. फोन आला की उलट बरे दिसायचे, म्हणजे दुसऱ्या कोणासाठी होती बादली. एकदा मी त्यायचे पाय चेपून राहिली होती, तेव्हा हळूच म्हणाले, "एक दिवस थे माह्यासाठी बादली ओतन. अन् मी इथं पडल्या पडल्या ऐकीन. मानसाले आपल्याच मयताचं आंगधुनं ऐकू आलं, तं त्यानं काय करावं व?"

मी पाय चेपत राहिली. सासू कडक होती, पण सासऱ्यानं मले कधी वाकडं बोललं नाही, सोळा वर्षं झाली या घरात येऊन. माझा बाप लवकर गेला. या माणसानं मले बापाची कमी पडू दिली नाही, हे मी तुमच्यापुढं सांगते, त्यायच्यापुढं नाही सांगत, डोक्यावर बसतील. त्यायचं हृदय आधीच कमजोर. डॉक्टरनं सांगितलं होतं, यायले दचकू देऊ नका. अन् इथं डोक्यापाशी रोज दचका टांगलेला. ते वाळून गेले. मूठभर भात, वरण, तेही अर्धं. मी ठरवलं, या घरात काहीही होऊ दे, तो आवाज या माणसाच्या कानावर पडला नाही पायजे.

म्हणून तुम्हाले बोलावलं. तुम्ही आधी वरच्या नळाचा वॉल्व बंद केला, आठवते? म्हणाले, अब एक बूँद नहीं जाएगा. दोन दिवसांनी पुन्हा बादली आली. मी तुम्हाले म्हटलं, वॉल्व गळते. काय सांगू मग? तुम्ही म्हणाले, पाइपच काढून टाकू. आमचे हे म्हणाले, गच्चीचं अन् सोलरचं पाणी त्यातूनच उतरते, कसा काढता. मग तुम्ही ते सगळं केलं. खाली जिथं पाइप एकदम काटकोनात वळायचा अन् पाणी आपटायचं, तिथं दोन अर्धे बेंड टाकले, म्हणजे पाणी घसरत जाईन. क्लॅम्पखाली सायकलच्या ट्यूबाचे तुकडे घातले, भिंत थरथरू नये म्हणून. अन् शेवटी हा प्लायचा डबा ठोकून आत राईस मिलचा भुसा दाबून दाबून भरला. आमच्या यायनं मिलमधून पोतेच्या पोते आणले होते. मी तुम्हाले हसली होती, म्हटलं भाऊ, गोंदियातल्या माणसाले कोणताही रोग झाला तरी औषध धानाचंच.

मग यायनं वर जाऊन कुलूप उघडून मुद्दाम बादली ओतली. आम्ही इथं प्लायले कान लावून बसलो. काही नाही. मुंगीचा आवाज येत असन तं तेवढा. मामाजी हसले. किती दिवसांनी हसले ते. त्या रात्री पोटभर जेवले, अन् दिवाळीपर्यंत त्यायच्या गालावर मांस आलं. सकाळी उठून चौकापर्यंत जाऊन यायचे, टीनाले शाळेच्या गाडीवर सोडायचे. मी तुमचं नाव घेऊन देवाले उदबत्ती लावली होती, खरं सांगते.

आवाज बंद झाला होता. बाकी काही बंद झालं नव्हतं, पण ते मले मालूम नव्हतं.

दिवाळी झाल्यावर मी गच्चीवर कोहळ्याच्या वड्या घातल्या होत्या. दुपारी त्या उलटवाले गेली. धुणं मी सकाळीच खालच्या अंगणात वाळू घालते, गच्चीवरची दोरी तं आत्याबाई गेल्यापासून रिकामीच. त्या दिवशी ती भरलेली होती. मामाजीचं धोतर. आमच्या यायचा निळ्या पट्ट्याचा सदरा. टीनाचा पिवळा फ्रॉक. अन् माझी जांभळी साडी, आईनं दिलेली. चारही ओलेगच्च. पिळलेले बी नव्हते, खाली फरशीवर पाण्याचं थारोळं. हे कपडे कपाटात होते, भाऊ. साडी तं मी वर्षभरात नेसली नव्हती.

मले आधी टीनावर राग आला. म्हटलं पोरीनं भातुकली मांडली. पण पोरगी शाळेत होती. मी तशीच उभी राहिली, अन् कमरेचा मोबाईल वाजला. ग्रुपवर फोटो होता. दुधराम भाऊजी, यायचा चुलतभाऊ. हार घातलेला. खाली लोकं हात जोडून राहिले होते.

तेव्हा मले समजलं. आपण तिचा आवाज कोंडला, तिचं काम नाही कोंडलं. ती बिचारी आपल्या वाट्याचं धुऊन राहिलीच होती, अन् आम्हाले कळावं म्हणून आता कपडे दाखवून राहिली होती, की पहा, तुमचं तुमचं धुतलं. ज्याच्यावर सुतक, त्याचा कपडा दोरीवर.

मी कपडे उतरवले, पिळले, इस्त्री फिरवून वाळवले अन् होते तिथं ठेवून दिले. मामाजीले दिसले असते तं? आवाजावर त्यायले दुसऱ्याची आशा तरी करता यायची. दोरीवर आपला कपडा आहे का नाही, हे पाहात बसले असते रोज, पायऱ्या चढून. मी कोणालेच सांगितलं नाही. गच्चीचं दार लावून घेतलं अन् वड्या अंगणात आणल्या. तेव्हापासून दिवसातून दहादा मीच वर जाऊन पाहायची, दोरी रिकामी दिसली की खाली येऊन कामाले लागायची.

काल दुपारी गेली, तं दोरीवर कपडे होते.

थांबा, चहा थंड झाला तुमचा. गरम करू? नको? बरं.

धोतर होतं. बाप्पा, किती बरं वाटलं मले ते धोतर पाहून. म्हटलं, मामाजी आहेत. दोरीवर त्यायचा कपडा आहे म्हणजे त्यायच्यासाठी नाही. डोळ्यात पाणी आलं माझ्या. मग यायचा सदरा. म्हटलं, हे बी आहेत. मग फ्रॉक. माझ्या लेकीचा फ्रॉक मी छातीशी धरला, ओला, तसाच. मग पुढं पाहिलं. पुढं दोरी रिकामी होती.

मी कपाट उघडून पाहिलं. साडी घडीत, कोरडी.

मी लई विचार केला, छोटेलालभाऊ. असं कोणतं सुतक आहे का, जे या तिघायले लागते अन् मले लागत नाही? नाही. लग्न करून या घरात आली, तेव्हाच या घराचं सगळं सुतक माझं झालं. यायचा कोणताही माणूस गेला तरी मले आंग धुवावंच लागते. तिघायनी धुवायचं अन् मी नाही, असं एकच मयत असते.

हो. तेच.

मी तिथंच वड्यांच्या जागेवर बसली. भीती वाटली, कायले खोटं बोलू. टीनाची चौथी आहे यंदा. मामाजीच्या गोळ्या कोणत्या सकाळच्या, कोणत्या रात्रीच्या, ते यायले अजून समजत नाही. मग राग आला. म्हटलं, आत्याबाई, सोळा वर्षं तुमच्या हाताखाली काढली, तुमच्या नवऱ्याले फुलासारखं ठेवलं, अन् तुम्ही मले एका शब्दानं नाही विचारलं? उठली, कपाटातली जांभळी साडी घेतली, गच्चीच्या नळाखाली धरली, ओलीगच्च केली, अन् फ्रॉकाच्या बाजूले टाकली दोरीवर. चिमटे लावले. म्हटलं, घ्या. आता चार झाले. आता जे काही असन ते दुसऱ्या कोणाचं.

खाली येऊन स्वयंपाक केला. टीना आली, तिच्याशी भांडली बी, डबा अर्धा आणला म्हणून. मोबाईल पाहात होती सारखी. म्हटलं कोणाचा तरी फोटो येऊ दे. देवा, असं कोणी म्हणते का? मी म्हटलं. ग्रुपवर कोणीच नाही गेलं काल. सगळे साखरपुड्याचे फोटो.

दिवेलागणीले वर गेली. धोतर, सदरा, फ्रॉक तसेच टपकून राहिले होते, दुपारभराचं ऊन अन् वारा खाऊन. माझ्या साडीची जागा रिकामी. चिमटे दोरीवर जिथं लावले होते, तिथंच होते.

मी गच्ची पाहिली, शेजारच्या बांधीत पाहिलं, उडाली असन म्हणून. मग खाली येऊन कपाट उघडलं. साडी तिथं होती. कडकडीत कोरडी. अन् घडी माझी नव्हती. मी घडी चार पदरी घालते. ती घडी अरुंद, लांब, पदर आत दुमडलेला, जशी आत्याबाई घालायची. साडीले ओलाव्याचा वास सुद्धा नव्हता. कपाटाची मूठ तेवढी ओली होती.

रात्रभर मी पडून विचार केला अन् मले वाटलं, आपण तिचं तोंड बांधलं म्हणून ती रुसली असन. तिचं काम आपण केलं तं ती ऐकन. म्हणून आज सकाळपासून मी आंग धुऊन राहिली आहे. बकारामकाकासाठी, पुष्पाबाईसाठी, दुधराम भाऊजीसाठी, ग्रुपवर जे जे गेले अन् मी हात जोडून मोकळी झाली, त्या सगळ्यायसाठी. एकेकाचं नाव घेऊन, साडीसकट, भरली बादली. खालच्याच बाथरूमात. थंडीनं दात वाजून राहिले होते. म्हणून केस ओले आहेत.

अन् म्हणून हा भुसा काढायचा आहे. तिचा आवाज तिले परत द्यायचा. मामाजीची खाट आज सकाळीच बाजूच्या खोलीत हलवली, म्हटलं प्लंबर येणार आहे, धूळ उडन. आता तिकडं ऐकू नाही जाणार. भिंत जाड आहे. मी एकटीच ऐकीन इथं बसून. ज्या दिवशी पाइपात बादली ओतल्याचा आवाज येईन, त्या दिवशी मी आपली समजीन. निदान पोरीले जवळ घेऊन बसता येईन. एवढंच मागून राहिली आहे मी.

हसता काऊन? नाही हसत? बरं. मग काढा ते पेच. दिवा मी धरते. इकडून आधी. हे पहा, खालची पट्टी सैल केली की भुसा आपोआप वाहाले लागला. पोतं धरा खाली. वाहू द्या. सुका आहे ना? हाव, सुका आहे. चांगला सुका आहे. मले उगंच वाटत होतं.

झाला? वरचा राहिला थोडा? राहू द्या वरचा, पाइप तं दिसून राहिला. आता हात लावून पहा, थंडगार असन.

काय झालं?

हात काऊन काढला, भाऊ? वर काय पाहता? दिव्याजवळ या जरा, तुमचा चेहरा कसा झाला. पाणी पिता का? कोणतं पाणी? आत्ता? वर कोणी नाही, कुलूप आहे, किल्ली ही पहा माझ्या कमरेले. वॉल्व तं तुम्हीच बंद केला होता. धबाकन? काय धबाकन?

थांबा, चूप बसा. मामाजी उठले वाटते. हाक मारून राहिले.

"डिंपल... कोनासाठी व?"

कोणासाठी नाही मामाजी. छोटेलालभाऊ आले आहेत, कामाचा आवाज आहे. तुम्ही झोपा.

...भाऊ, तुम्हाले ऐकू आलं. त्यायले जाड भिंतीपलीकडून ऐकू आलं. मी तं पाइपाले हात लावून उभी आहे. मले काहीच ऐकू आलं नाही.